सुनेचा रंग माहेरचा : वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग कसे लावावेत

गेल्या भाऊबीजेला सगळे आमच्याकडे जमले होते. वर्षभर खपून भरलेली वंशावळ दाखवायची हौस मला आवरली नाही. लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि नावांची यादी उघडली. वडिलांचं घराणं निळं, आजीचं माहेर हिरवं, आईकडचं तांबडं आणि हळदी. काका चष्मा कपाळावर चढवून स्वतःचं नाव शोधत होते. काकूला तिचं आधी सापडलं. टीव्हीपाशी जाऊन तिने नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अरे, मी या निळ्यात कधी जन्मले रे?"

चूक माझीच होती. फिल्टरचा, म्हणजे यादीतून ठराविक माणसं वेचणाऱ्या चाळणीचा, एक नियम निवडताना मी घाई केली आणि घरात आलेली प्रत्येक सून निळी होऊन बसली. काकूचे वडील, आजोबा, त्यांचं गाव ही सगळी माहिती तिने मला सांगितली होती, मी ती भरलीही होती. पण रंगाने ती झाकून टाकली. त्या रात्री सगळे रंग पुसले आणि नव्याने बसवले. ते कसे बसवले, ते इथे लिहितो.

कोणतं सॉफ्टवेअर

मी ग्रॅम्प्स वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि देवनागरीत नावं भरता येतात. रूट्समॅजिक, लेगसी आणि फॅमिली ट्री मेकर यांतही रंग देण्याची सोय आहे. चार आजी-आजोबांच्या चार शाखांना चार रंग देणं ही तर या क्षेत्रातली जुनी पद्धत. सॉफ्टवेअर येण्याआधी लोक कागदाच्या फायलींना असेच रंग देत. मेन्यूंची नावं बदलतील, विचार तोच राहील. खाली ग्रॅम्प्सचीच नावं देतो.

रंगाला एकच प्रश्न विचारा

पहिल्यांदा रंग लावणारा माणूस रंगपेटी मिळालेल्या पोरासारखा वागतो. मुंबईकर केशरी, परदेशातले आकाशी, हयात नसलेले करडे, फोटो मिळालेले जांभळे. चार दिवसांनी त्यालाच आठवत नाही की केशरी म्हणजे मुंबई की फोटो. एका वेळी पडद्यावरच्या रंगाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. माझ्याकडे दोनच प्रश्न आहेत: हे माणूस कुठल्या घरात जन्मलं? आणि याच्याबद्दलची माहिती किती पक्की आहे? दोन्हींचे रंग वेगळे, आणि ते आळीपाळीने बघायचे. तसं करता येतं, ते पुढे येईलच.

आपल्याकडे आडनावावरून रंग द्यायचा मोह फार होतो, कारण ते सोपं वाटतं. पण एकाच आडनावाची दोन-तीन घराणी एकाच वंशावळीत सहज निघतात, ज्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नसतो. गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, मूळ गाव वेगळं. आणि बायकांची आडनावं लग्नानंतर बदलतात, काही घरांत तर पाळण्यातलं नावही बदलतं. जुन्या कुलवृत्तांतात सुनेचं सासरचं नाव असतं आणि माहेरचा नुसता 'अमक्यांची कन्या' एवढाच उल्लेख, तोही नशीब असेल तर.

म्हणून माझा नियम: रंग जन्माचा, लग्नाचा नाही. बाई कुठेही नांदायला गेली तरी तिचा रंग माहेरचाच. माहेर माहीत नसेल तर तिला रंगच नाही. यादीत काळी राहिलेली सून म्हणजे पुढच्या फोनकॉलचं काम.

याचसाठी नाव भरतानाच शिस्त लागते. मुख्य नाव जन्माचं: पाळण्यातलं नाव आणि माहेरचं आडनाव. सासरचं नाव पर्यायी नावांत, 'मॅरीड नेम' हा प्रकार निवडून. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मी भरतच नाही. ते नातं सॉफ्टवेअरला जोडणीवरून कळतंच.

आधी पेशव्यांवर हात बसवा

स्वतःच्या घरच्या माणसांवर प्रयोग करण्याआधी एक वेगळी रिकामी वंशावळ उघडा आणि तीत पेशव्यांचं घराणं भरा. चेष्टा नाही. वीस-पंचवीस माणसं, सगळी पुणेकराला तोंडपाठ, आणि वंशावळीत जेवढ्या म्हणून अडचणी येतात तेवढ्या सगळ्या या एका घरात आहेत. बाजीराव दोन, नानासाहेब दोन, चिमाजी अप्पा दोन, माधवराव दोन.

वर बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई. राधाबाईंचं माहेर बर्वे, म्हणजे त्यांचं मुख्य आडनाव बर्वे. खाली पहिले बाजीराव आणि चिमाजी अप्पा. बाजीरावांच्या बाजूला काशीबाई आणि मस्तानी. त्यांच्याखाली नानासाहेब, रघुनाथराव आणि मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर. चिमाजी अप्पांखाली सदाशिवरावभाऊ. नानासाहेब आणि गोपिकाबाई (माहेर रास्ते) यांच्याखाली विश्वासराव, माधवराव, नारायणराव. नारायणरावांखाली सवाई माधवराव. रघुनाथराव आणि आनंदीबाई (माहेर ओक) यांच्याखाली दुसरे बाजीराव आणि धाकटे चिमाजी अप्पा, शिवाय दत्तक घेतलेले अमृतराव. दुसऱ्या बाजीरावांखाली १८२७ साली दत्तक घेतलेले नानासाहेब.

आता चार टॅग करा. टॅग म्हणजे माणसाच्या नोंदीला लावायची रंगीत चिठ्ठी. 'एडिट' मेन्यूत 'टॅग', त्यात 'ऑर्गनाइज टॅग्ज'. खिडकी उघडली की 'अ‍ॅड' दाबा, नाव लिहा, रंग निवडा. नानासाहेब शाखा निळी, रघुनाथराव शाखा हिरवी, शमशेर बहादूर शाखा तांबडी, चिमाजी अप्पा शाखा जांभळी. रंग गडद घ्या. खरा पिवळा पांढऱ्या पडद्यावर वाचता येत नाही. हळदी किंवा शेंदरी बरा.

मग फिल्टर. डावीकडून 'पीपल' निवडा. आडनावांचे गट करून दाखवणारी यादी नको, सरळ यादी घ्या. गट मिटलेले असले की त्यांतली माणसं निवडीतून सुटतात. 'एडिट' मेन्यूत 'पर्सन फिल्टर एडिटर' आहे. नवीन फिल्टर काढा, नाव द्या, 'डिसेंडंट फिल्टर्स' या गटातून 'डिसेंडंट्स ऑफ' हा नियम घ्या आणि नानासाहेबांचा क्रमांक द्या. तिथेच मूळ माणूस धरायचा की नाही याची चौकट असते, तीत टिक करा.

माझी चूक इथेच झाली होती. याच यादीत 'डिसेंडंट फॅमिली मेंबर्स ऑफ' असा एक नियम आहे. तो वंशजांबरोबर त्यांच्या जोडीदारांनाही उचलतो. आमंत्रणाची यादी काढायला उत्तम, रंगाला अजिबात नको. पेशव्यांवर तो मुद्दाम एकदा लावून बघा. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई, माधवरावांच्या पत्नी रमाबाई भरल्या असतील तर सगळ्या निळ्या होतात.

फिल्टर तयार झाला की उजव्या पट्टीत तो निवडून 'फाइंड' दाबा. यादीत तेवढीच माणसं उरतात. कंट्रोल आणि ए दाबून सगळी निवडा आणि 'टॅग' मेन्यूतून रंग द्या. फिल्टर काढा, पुढची शाखा घ्या.

आता गंमत बघा. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी धाकट्या चिमाजी अप्पांना दत्तक घेतलं. म्हणजे जन्म हिरव्या शाखेत आणि दत्तकाने निळ्या शाखेत. ग्रॅम्प्समध्ये एक माणूस दोन कुटुंबांत मूल म्हणून जोडता येतो आणि नात्याचा प्रकार 'अ‍ॅडॉप्टेड' असा निवडता येतो. पण वंशजांचा फिल्टर दत्तक आणि औरस असा भेद करत नाही, त्यामुळे चिमाजी अप्पांना दोन्ही टॅग लागतात. यादीत दिसतो मात्र एकच रंग: टॅगांच्या क्रमात जो वर, तो. 'ऑर्गनाइज टॅग्ज'च्या खिडकीत वर-खाली करायची बटणं आहेत, ती याच क्रमासाठी. हिरवा वर नेऊन बघा, मग निळा. चिमाजी अप्पा रंग बदलतात.

यावर माझा उपाय: 'दत्तक' नावाचा पाचवा टॅग, डाळिंबी रंगाचा, सगळ्यांच्या वर. दत्तक माणसावर नजर अडकली पाहिजे. दत्तकाने वारसा बदलतो, जुन्या कागदांत बापाचं नावही बदलतं. तिथे नजर न अडकता पुढे गेलं की एक पिढी चुकते. अमृतराव आणि १८२७ चे नानासाहेब यांनाही तो लावा.

आता घरचं काम

सुरुवातीला 'फॅमिली ट्रीज' मेन्यूतून बॅकअप घ्या. शेकडो माणसांना एका झटक्यात टॅग लावणं सोपं आहे, काढणं किचकट.

चार मुख्य टॅग. नावं मी रंगाची देत नाही, अक्षरांची देतो: वव म्हणजे वडिलांचे वडील, वआ वडिलांची आई, आव आईचे वडील, आआ आईची आई. यामागे कारण आहे. आमच्या एका काकांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. पुरुषांत हे बरंच आढळतं. शिवाय कोपऱ्यावरच्या झेरॉक्समधून काळी-पांढरी प्रत काढली की सगळे रंग एकसारखे करडे होतात. अक्षर तरी उरतं. यादीत टॅगांचा स्तंभ दाखवायचा पर्याय आहे, तो सुरू ठेवा.

वव निळा, वआ हिरवा, आव तांबडा, आआ हळदी.

पहिल्या फेरीत फक्त सरळ पूर्वज. चारही आजी-आजोबांसाठी 'अँसेस्टर्स ऑफ' नियमाचा एकेक फिल्टर काढा, त्यांना स्वतःला धरून. चार वेळा निवडा, चार वेळा टॅग लावा. घाईने भाऊबंदांकडे जाऊ नका, कारण मधे एक तपासणी आहे आणि ती फक्त आत्ताच नीट होते.

तपासणी ही: एक नवा फिल्टर काढा, त्यात 'वव टॅग असलेली माणसं' आणि 'वआ टॅग असलेली माणसं' हे दोन नियम घाला आणि दोन्ही लागू झाले पाहिजेत असं निवडा. बहुतेक घरांत यादी रिकामी येईल. आमच्याकडे आली नाही. आजोबांनी मामाच्या मुलीशी लग्न केलं होतं, जसं तेव्हा पुष्कळांनी केलं. म्हणजे आजोबांची आई आणि आजीचे वडील ही सख्खी भावंडं. त्यांचे आईवडील मला दोन वाटांनी लागतात, एकदा निळ्या आणि एकदा हिरव्या. त्या पिढीत माणसाचे एरवी १६ पूर्वज असतात. माझे १४ भरतात. ते एक जोडपं दोनदा मोजलं जातं.

अशा माणसांना मी 'सांधा' हा जांभळा टॅग देतो आणि तो सर्वांत वर ठेवतो, दत्तकाच्याही वर. तुमच्या घरी मामा-भाचीचं लग्न असेल, किंवा दोन भावांनी दोन बहिणी केल्या असतील आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत पुन्हा लग्नं झाली असतील, तर बाकीच्या जोड्याही तपासा: वव-आव, वआ-आआ वगैरे, एकूण सहा. पाच मिनिटांचं काम. मला आव-आआ मध्ये एक सांधा मिळाला जो आईलाही ठाऊक नव्हता. नंतर कळलं, एकच माणूस मी चुकून दोन्हीकडे जोडला होता! तर ही तपासणी चुकाही पकडते.

दुसऱ्या फेरीत चुलत, मावस, आते, मामे असा सगळा गोतावळा. वंशजांच्या नियमांत 'डिसेंडंट्स ऑफ फिल्टर मॅच' असा एक आहे. त्याला आधीचा पूर्वजांचा फिल्टर दिला की त्या सर्व पूर्वजांचे सर्व वंशज मिळतात. सगळ्यांना वव. मग वआ, आव, आआ.

अडचण अशी की या फेरीत तुमचे वडील, काका, आत्या, तुम्ही आणि तुमची मुलं हेही येतात, आणि त्यांना दोन किंवा चारही टॅग लागतात. वडील निळे की हिरवे? दोन्ही. त्यांच्यासाठी 'मुलंनातवंडं' असा करडा टॅग करा, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे वंशज फिल्टरने काढून त्यांना लावा आणि तो चार मुख्य टॅगांच्या वर ठेवा. वरून क्रम असा: सांधा, दत्तक, मुलंनातवंडं, मग चार घराणी. खाली बघायला करडं, वर बघायला रंगीत.

आणि काकू? ती या कुठल्याच फिल्टरमध्ये येत नाही. तिच्या माहेराची माहिती माझ्याकडे चार पिढ्यांची आहे, म्हणून तिच्या खापरपणजोबांपासून वेगळा अबोली टॅग केला. सगळ्या सुनांना वेगळा रंग देणं शक्य नाही, सहा-सात रंगांनंतर डोळा ओळखत नाही. पण जिने माहिती दिली तिचं घर रंगीत, एवढा पक्षपात मी करतो.

दुसरा प्रश्न: किती पक्कं?

या टॅगांचा वेगळा संच. 'कागद' म्हणजे लेखी पुरावा पाहिला. 'तोंडी' म्हणजे कोणीतरी सांगितलं. 'तारीख तपास' म्हणजे तिथी मिळाली पण इंग्रजी तारीख बसवायची आहे. आणि चौथा, जो पुण्यातल्या पेठांत राहिलेल्या घरांनाच लागेल: 'पानशेत'. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या घरांत पाणी शिरलं. आमची पत्र्याची ट्रंक माळ्यावर नव्हती, पलंगाखाली होती. तीतून वाचलेली एक वही अजून आहे. कडेला चिखलाची तपकिरी रेघ, आणि रेघेच्या खालची शाई पसरून निळा डाग झालेली. वरच्या तीन ओळी वाचता येतात. ज्यांची नोंद त्या डागात गेली त्यांना 'पानशेत'. म्हणजे पुढे कोणी पुरावा विचारला तर तो घरात शोधत बसू नये, बाहेर शोधावा.

बाहेर म्हणजे कुठे? महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदी, गावच्या जमिनीचे फेरफार आणि त्यांतल्या वारसनोंदी, त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या उपाध्यायांच्या वह्या. घराण्याचा पेशवाईत काही संबंध असेल तर पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आणि १९१० साली सुरू झालेलं, सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. तिथे मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बरोबर न्या.

'तारीख तपास'बद्दल थोडं अधिक. ग्रॅम्प्समध्ये शालिवाहन शकाची दिनदर्शिका नाही, म्हणून तिथी जशीच्या तशी नोटमध्ये लिहा आणि इंग्रजी तारीख तारखेच्या रकान्यात. शकात ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. पानिपत पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२ मध्ये. ७८ मिळवले तर १७६० येतात, आणि लढाई तर १४ जानेवारी १७६१ ची. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. पौष तर दोन इंग्रजी वर्षांवर पाय ठेवून उभा असतो. तिथे पंचांग बघितल्याशिवाय टॅग काढू नका.

हे चार टॅग एरवी क्रमात सगळ्यांत खाली. पुराव्याच्या कामाला बसायचं असलं की 'ऑर्गनाइज टॅग्ज' उघडून ते वर न्यायचे. तीच यादी, पण आता घराणी दिसत नाहीत, भोकं दिसतात. काम झालं की पुन्हा खाली.

छापताना आणि पाठवताना

ग्रॅम्प्सच्या आलेखांत चौकटींचा रंग टॅगवरून येत नाही. तो मूळचा स्त्री-पुरुष आणि हयात आहे की नाही यावरून ठरतो. छापायचा आलेख हवा असेल तर अहवालांतला 'फॅमिली लाइन्स ग्राफ' वापरा. त्यात आडनावनिहाय रंग देता येतात. मुख्य नावात माहेरचं आडनाव भरायला सांगितलं ते इथे कामी येतं: सुनेची चौकट आपोआप माहेरच्या रंगात येते. एकाच आडनावाची दोन घराणी असतील तर मात्र ती एकाच रंगात येतील. तिथे हाताने खूण करावी लागते. प्लॉटरवर मोठा कागद काढायच्या आधी पीडीएफ उघडून जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते बघा आणि कोपऱ्यात रंगांची किल्ली द्या.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्या भावाला वंशावळ पाठवायची तर जेडकॉम फाइल लागते, आणि जेडकॉममध्ये रंगाला जागाच नाही. रंग इथेच राहतात. म्हणून महत्त्वाच्या माणसांच्या 'अ‍ॅट्रिब्यूट'मध्ये मी 'घराणं: वव' असं अक्षरातही लिहून ठेवतो, ते जातं. समोरचाही ग्रॅम्प्सवाला असेल तर ग्रॅम्प्सचं पॅकेज पाठवा, टॅग आणि रंग सगळं पोचतं. दोन्ही वेळी निर्यातीच्या पर्यायांत हयात माणसांचा तपशील वगळा. भाचीची जन्मतारीख कुणाच्याही पेनड्राइव्हवर फिरायला नको.

कागदी फायलींनाही हेच रंग. अप्पा बळवंत चौकातून चार रंगांचे फोल्डर आणले, पाठीवर ठळक अक्षरात वव, वआ, आव, आआ. स्कॅन केलेल्या फोटोंच्या फाइलनावाची सुरुवातही त्याच दोन अक्षरांनी. पाचवं फोल्डर अबोली मिळालं नाही, गुलाबी मिळालं. काकूला दाखवलं. तिने आतला तिच्या आजोबांचा फोटो उलटा करून मागचं नाव वाचलं, पेन मागितलं आणि मी लिहिलेल्या गावाच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली.